दुधाची जुनी भांडी : चकाकी आणि शुद्धता

घरच्या माळ्यावरून, जुन्या वाड्याच्या कोठीतून किंवा भंगाराच्या बाजारातून दुधाचे एखादे जुने भांडे पुन्हा उजेडात आणण्याची हौस अलीकडे पुष्कळांना लागली आहे. कोणी आजीची पितळी चरवी शोधून काढतो, कोणी कथलाचा मुलामा दिलेला लोखंडी कॅन विकत घेतो, तर गावाबाहेर चार गाईम्हशी बाळगून दुधाचा लहानसा व्यवसाय करू पाहणारा एखादा गृहस्थ मलई काढण्याचे जुने हातयंत्र पुन्हा चालू करण्याच्या खटपटीला लागतो. या हौसेत वावगे काही नाही. जुनी भांडी जाड पत्र्याची, घडणीने देखणी आणि बहुधा दुरुस्त करता येण्याजोगी असतात. मात्र चिंच आणि राख लावून घासले की भांडे लखलखते आणि लखलखले की ते स्वच्छ झाले, असे आपण सहज मानून चालतो. खरी अडचण येथेच आहे. भांडे डोळ्यांना स्वच्छ दिसणे ही एक गोष्ट. त्यातले दूध तान्ह्या मुलाच्या ओठी लावण्यास ते योग्य होणे ही अगदी दुसरी गोष्ट. या दोहोंतील अंतर किती मोठे आहे आणि ते कसे ओलांडावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम दुधाचा स्वभाव पाहिला पाहिजे. ताजे दूध चवीला गोड लागले तरी ते किंचित आम्लधर्मीच असते. ते नासू लागले किंवा त्याला विरजण लागले की त्यात लॅक्टिक आम्ल वाढू लागते, आणि हे आम्ल तांबे, पितळ, जस्त, लोखंड यांना हळूहळू खाऊ लागते. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली की ती ‘कळकली’ असे आपल्या घरांतून म्हणत आले आहेत. एका शब्दात सारी रसायनविद्या आली! तांब्याचे क्षार अन्नात उतरल्यामुळे येणारी ती तुरट, मळमळ आणणारी चव ज्यांनी एकदा अनुभवली, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

परंतु दूध याहूनही फसवे आहे. ताक कळकले तर जिभेला चटकन कळते. ताज्या दुधात उतरलेले तांबे मात्र सहजासहजी कळत नाही. दुधातील केसीन नावाचे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. त्यामुळे तेच भांडे पाण्याला जेवढे तांबे देईल, त्याहून कितीतरी अधिक ते दुधाला देते. शिवाय तांबे आणि लोखंड यांचा अत्यल्प अंशही दुधातील स्निग्धांश बिघडवण्यास पुरतो. अशा दुधाला, लोण्याला किंवा तुपाला जुनाट, पुठ्ठ्यासारखा वास येतो. म्हणून भांड्याचा धातू हा दुधाच्या दृष्टीने केवळ आधार नव्हे. तो त्या दुधाचा एक घटकच होऊ पाहतो.

ही गोष्ट केवळ चवीपुरती असती तर तिची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. विसाव्या शतकात आपल्या देशात लहान मुलांचा एक भयंकर यकृतविकार आढळत असे. वैद्यकीय ग्रंथांत त्याचे नावच ‘इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस’ असे पडले होते. सहा महिने ते तीन-चार वर्षे या वयाचे मूल किरकिरे होई, त्याचे पोट वाढे, यकृत दगडासारखे कठीण लागे आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत ते दगावे. एकाच घरात एकामागून एक मुले गेल्याची उदाहरणे होती, त्यामुळे अनेक जण त्यास आनुवंशिक दोष समजत. अशा मुलांच्या यकृतात तांब्याचा मोठा साठा असतो, हे पुढे दिसून आले. पण तो येतो कोठून? पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचा माग काढला आणि १९८३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपला निष्कर्ष मांडला. आजारी मुलांच्या आहाराचा इतिहास पाहता, त्यांना फार लवकर वरचे दूध सुरू झालेले असे आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले वा साठवलेले असे, हे त्यांच्या लक्षात आले. तान्ह्या बालकाचे यकृत तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याच्या कामी अजून पुरते तयार झालेले नसते. त्यामुळे दिवसामागून दिवस थोडथोडे येणारे तांबे तेथेच साचत जाते.

मूळ शरीरप्रकृतीचाही या रोगात काही वाटा असावा, याविषयी तज्ज्ञांत पुढेही चर्चा चालू राहिली. परंतु पितळी भांडी मागे पडून घरोघर स्टेनलेस स्टील आले, वरचे दूध पितळेत न तापवण्याचा सल्ला डॉक्टर देऊ लागले आणि एके काळी रुग्णालयांत नित्य दिसणारा हा विकार पुढील काही वर्षांत दुर्मिळ झाला. यातील मर्म असे की, ती भांडी अस्वच्छ नव्हती. ज्या माउल्यांनी त्यांत दूध तापवले, त्यांनी ती रोज उजळ घासलेली असत. उणीव होती ती केवळ आतील कल्हईच्या पातळशा थराची.

तेव्हा जुने भांडे हाती आले की पहिला प्रश्न ‘ते कसे घासावे’ हा नव्हे, तर ‘ते कशाचे आहे आणि आजवर त्यात काय होते’ हा असला पाहिजे. पितळ व तांबे रंगावरून ओळखू येतात. ज्याला आपल्याकडे ‘जर्मन’चे भांडे म्हणण्याची चाल आहे ते ॲल्युमिनियम वजनाने हलके असते. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे असे समजावे, मग वरचा मुलामा कथलाचा असो की जस्ताचा. जस्ताच्या मुलाम्यावर बहुधा बर्फाच्या स्फटिकांसारखी नक्षी दिसते. अशी बादली विहिरीच्या पाण्यास चालेल, दुधास किंवा ताकास कदापि नाही, कारण आम्ल लागताच जस्त विरघळू लागते. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा नेहमीचा प्रकार चुंबकाला फारसा दाद देत नाही, तरी काही प्रकार देतात. म्हणून एवढ्याच परीक्षेवर विसंबून राहू नये. भांड्याच्या पूर्वायुष्याची चौकशी तर अवश्य करावी. रॉकेल, रंग किंवा कीटकनाशके भरण्यासाठी वापरलेला कॅन कितीही धुतला तरी दुधास योग्य होत नाही. तेथे दुरुस्तीचा विचारच सोडून द्यावा.

पितळी व तांब्याच्या भांड्याचा उपाय आपल्या पूर्वजांनीच शोधून ठेवला आहे. तो म्हणजे कल्हई. कल्हईवाला भांड्याची आतली बाजू घासून स्वच्छ करतो, भाता मारून ते भट्टीवर तापवतो, त्यात नवसागराची पूड टाकतो आणि कथलाची कांडी फिरवतो. नवसागर तापताच पांढरा धूर निघतो आणि त्यातून सुटणारे आम्ल धातूवरील गंजाचा सूक्ष्म पापुद्रा दूर करते. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते. ते कापसाच्या बोळ्याने चपळाईने फिरवले की उघड्या झालेल्या पितळेला घट्ट धरून बसते. नवसागराच्या या भूमिकेमुळेच, अगोदर नीट न घासलेल्या भांड्यावर कल्हई टिकत नाही. जेथे डाग राहिला तेथून ती सुटते. हे काम उघड्यावर करावे लागते, कारण तो धूर डोळ्यांना आणि श्वासाला त्रासदायक असतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कथील महाग आणि शिसे स्वस्त. शिवाय शिसे मिसळलेले कथील कमी उष्णतेवर वितळते. त्यामुळे मिश्रणाचा मोह होतो. पण शिसे हे मुलांच्या मेंदूचे वैरी आहे, आणि त्याची अमुक मात्रा निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगू शकत नाही. शुद्ध कथलाची कांडी वाकवली तर करकर असा आवाज येतो; शिसे कागदावर ओढले तर करडी रेघ उमटते. या जुन्या परीक्षा उपयोगी खऱ्या, पण थोडीशी भेसळ त्यांतून निसटू शकते. म्हणून कल्हईवाल्यास कथील शुद्धच हवे असे स्पष्ट सांगावे, त्याचे योग्य मोल द्यावे, आणि शंका असेल तर धातूची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेचा आधार घ्यावा. जुन्या भांड्याला ओतीव पितळेची तोटी असेल तर तीही संशयास्पद मानावी, कारण कातकामास सोपे जावे म्हणून अशा पितळेत शिसे घालण्याचा प्रघात होता. तोटी बदलणे हाच तेथे सुलभ मार्ग.

कल्हई झाल्यावर तिचे रक्षण करणे आपल्या हाती असते. आतल्या बाजूला चिंच, वाळू किंवा तारेची घासणी लावू नये. चिंच बाहेरच्या अंगाला शोभते. आत मऊ कापड आणि साबणाचे पाणी पुरे. रिकामे भांडे विस्तवावर राहिले तर कथील वितळून गोळा होते. आत कोठेही पिवळी किंवा तांबूस झाक दिसू लागली की पुन्हा कल्हई करण्याची वेळ आली असे समजावे. तोवर त्या भांड्यात दूध, दही, ताक ठेवू नये. तान्ह्या मुलाचे दूध तर कल्हईच्या भरवशावरही पितळेत तापवू नये. स्टीलचे साधे पातेले सहज मिळत असता एवढा धोका पत्करण्याचे कारण काय?

स्वित्झर्लंडमध्ये एमेंटाल व ग्रुयेर आणि इटलीत पार्मेजान ही प्रसिद्ध चीज आजही तांब्याच्या कढयांत करतात, मग आपणच का भ्यावे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु तेथे दूध कढईत काही तासच असते, त्यात उतरणारे किंचित तांबे चीजच्या मुरण्याला उपकारक ठरते, आणि ते चीज हे कोणा तान्ह्या बालकाचे रोजचे अन्न नव्हे. धातू एकच, पण काळ, मात्रा आणि खाणारा बदलला की न्यायही बदलतो.

आता लोखंडी कॅनकडे वळू. ॲल्युमिनियम आणि स्टील सर्वत्र पोहोचण्यापूर्वी दुधाची दूरवरची ने-आण पोलादी पत्र्याच्या आणि कथलाच्या मुलाम्याच्या कॅनमधून होत असे. अशा कॅनचा तळ, सांधे आणि गळ्याची कड प्रथम झिजते. तेथे तांबूस ठिपके दिसले की मुलामा गेला असे समजावे. गंज खरवडून काढला तरी पत्र्यात पडलेली बारीक भोके व खाचा उरतात, आणि जंतूंना राहण्यास याहून सोयीचे घर नाही. खाचा उथळ असतील तर संपूर्ण कॅन वितळलेल्या कथलात बुडवून नव्याने मुलामा देता येतो. खोल असतील तर तो प्रयत्न व्यर्थ होय. सांधे शिशाच्या डाकाने जोडलेले असतील, किंवा बाहेरचा जुना रंग शिसेयुक्त असण्याचा संभव असेल, तर तो रंग कोरडा खरवडून घरात धूळ उडवू नये. असा कॅन दुधासाठी न वापरणेच शहाणपणाचे.

ॲल्युमिनियमची प्रकृती नेमकी उलट आहे. त्याच्यावर हवेत आपोआप एक पातळ संरक्षक पापुद्रा धरतो. ताज्या दुधाला तो चांगला टिकतो, म्हणून दूधसंकलनात ॲल्युमिनियमचे कॅन रूढ झाले. परंतु तीव्र आम्ल आणि तीव्र क्षार या दोहोंपुढे तो पापुद्रा हार खातो. कॉस्टिक सोड्याचे कढत पाणी ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये ओतले तर धातू फसफसून विरघळू लागतो, हायड्रोजन वायू सुटतो, आणि कॅन काळवंडून खडबडीत होतो. चांगल्या हेतूने केलेल्या धुलाईने कॅनचे कायमचे नुकसान होते ते असे. ॲल्युमिनियमला सौम्य साबण किंवा त्याच्यासाठीच बनवलेला, सिलिकेट घातलेला धुण्याचा पदार्थ वापरावा. आणि आंबट ताक किंवा मिठाचे पदार्थ त्यात रात्रभर ठेवू नयेत.

स्टेनलेस स्टील हे या सर्वांत निर्धोक. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली हे पोलाद सिद्ध केले असे सामान्यतः मानतात. दुग्धालयांतील नेहमीच्या प्रकारात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. क्रोमियमचा अदृश्य पापुद्रा त्याचे रक्षण करतो आणि ओरखडा उठला तरी हवेच्या स्पर्शाने पुन्हा भरून येतो. मात्र लोखंडी तारेने घासले तर लोखंडाचे कण त्यात रुतून गंजतात, आणि ब्लीचिंगचे पाणी तासन्‌तास राहिले तर त्यात बारीक खड्डे पडतात. ‘न गंजणारे’ हे नाव त्याला सशर्तच लाभले आहे.

धातूचा प्रश्न सुटल्यावर धुण्याचा क्रम येतो. दुग्धालयांत शिकवला जाणारा हा क्रम घरीही तितकाच लागू आहे. भांडे रिकामे होताच ते प्रथम साध्या किंवा कोमट पाण्याने विसळावे. पहिल्यानेच कढत पाणी ओतले तर दुधातील प्रथिने धातूवर शिजून चिकटतात. त्यानंतर धातूला सोसेल अशा क्षाराच्या गरम पाण्याने, ब्रशने घासावे. क्षार स्निग्धांश आणि प्रथिने सोडवतो. तरीही जुन्या भांड्यात एक पांढुरका, दगडी थर राहतो. डेअरीतील लोक त्यास ‘मिल्कस्टोन’ म्हणतात. दुधातील चुन्याचे क्षार, करपलेली प्रथिने आणि कठीण पाण्यातील खनिजे मिळून तो बनतो. कितीही सोडा लावला तरी तो हलत नाही. त्याला सायट्रिक आम्लासारखे सौम्य आम्लच हवे. स्टीलच्या भांड्यास हा उपाय निर्धास्त करावा. कल्हईच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यावर आम्ल फार वेळ राहू देऊ नये. मग भरपूर पाण्याने धुऊन निर्जंतुक करावे. ८० अंशांहून अधिक तापलेल्या पाण्यात काही मिनिटे ठेवणे किंवा वाफ देणे हा सर्वांत सोपा उपाय. क्लोरीनचे पाणी वापरणाऱ्याने ते सौम्य ठेवावे, काही मिनिटांतच धुऊन टाकावे आणि आम्लाबरोबर कधीही मिसळू नये, कारण तसे केल्यास विषारी वायू सुटतो.

हा क्रम उलटासुलटा करून चालत नाही. मळ निघण्यापूर्वी जंतुनाशक ओतले तर ते मळातच खर्च होते आणि मळाखालचे जंतू सुखरूप राहतात. शेवटची पायरी सर्वांत सोपी आणि सर्वांत अधिक दुर्लक्षिलेली : भांडे उपडे करून, वारा लागेल असे ठेवून, पूर्ण कोरडे होऊ द्यावे. ओल्या भांड्यावर झाकण घालून ठेवणे म्हणजे रात्रभर जंतूंची पैदास करणे होय. फडक्याने पुसले तर फडक्यातील जंतू पुन्हा आत जातात.

मलई काढण्याच्या यंत्राविषयी थोडे वेगळे सांगितले पाहिजे. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी १८७८ साली सतत चालणारे असे यंत्र सिद्ध केले, आणि पुढे त्यात एकावर एक बसणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पातळ तबकड्या आल्या. जुन्या हातयंत्राचा पेला मिनिटाला कित्येक हजार फेरे घेतो. त्यामुळे येथे स्वच्छतेइतकाच तोलाचाही प्रश्न आहे. तबकड्या बहुधा क्रमांकित असतात. त्या सुट्या करताना तारेत ओवून तोच क्रम राखावा. एखादी वाकली, गंजली किंवा हरवली तर पेल्याचा तोल जातो, आणि तोल गेलेला पेला वेगात असता फुटून माणसाला जायबंदी करू शकतो. पेल्यास चीर दिसली तर ते यंत्र चालवूच नये. रबरी कडी नवी, खाद्यपदार्थास योग्य अशीच घ्यावी. दातेरी चाकांचे तेल दुधाच्या मार्गात झिरपत नाही ना हे पाहावे. आणि तबकड्यांचा मुलामा गेला असेल तर वर कॅनविषयी सांगितलेला नियम येथेही लावावा. मुख्य म्हणजे प्रत्येक वापरानंतर सगळ्या तबकड्या सुट्या करून धुण्याची तयारी नसेल, तर हे यंत्र घरात आणू नये. एका दिवसाचा आळस दुसऱ्या दिवसाच्या संपूर्ण दुधास भोवतो.

येथवरच्या विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. जुने भांडे पुन्हा अन्नासाठी सिद्ध करणे हे बाहेरच्या अंगाचे काम नाही; ते आतल्या अंगाचे आहे. दुधाला स्पर्श करणारी बाजू निर्दोष धातूची, अखंड आणि गुळगुळीत आहे काय, तिच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत ब्रश व पाणी पोहोचते काय, आणि ती कोरडी होऊ शकते काय, हे तीन प्रश्न विचारावेत. तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले तर शंभर वर्षांचे भांडेही खुशाल वापरावे. त्याची बाहेरची बाजू काळवंडलेली असली तरी बिघडत नाही. एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर ते कितीही लखलखीत असो, त्यात दूध घालू नये.

अशा भांड्याचा अनादर करावा असे मात्र नाही. ज्या चरवीवर घरातल्या तीन पिढ्यांच्या हातांचे ठसे आहेत, ती दिवाणखान्यात फुले घेऊन उभी राहिली तर तिचा मान उणावत नाही. कल्हई करणाऱ्या कारागिराची विद्याही जपण्यासारखी आहे, आणि शुद्ध कथलाचा आग्रह धरून त्याला योग्य मोबदला देणारे गिऱ्हाईकच ती जपू शकेल. आठवणी जपण्यासाठी भांडे राखावे. पण दुधासाठी भांडे निवडताना आठवणींची साक्ष काढू नये. तेथे आतल्या थराचीच साक्ष घ्यावी. ते दूध पिणारे मूल भांड्याची पारख करू शकत नाही. ती त्याच्या वतीने आपणच करावयाची असते.